बावीस वर्षे नववीत

गेली बावीस वर्षे मी नववीत आहे. हे वाक्य मी एकदा आमच्या व्याह्यांसमोर बोलून गेलो आणि त्यांनी हातातला पोहे खायचा चमचा खाली ठेवला. तेव्हा आधीच खुलासा करतो. शाळेतली नववी मी पहिल्याच फटक्यात पास झालो होतो. ही नववी वेगळी. मास्टरकॅम नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, त्याची ही नववी आवृत्ती. संगणकावर जॉबची आकृती काढायची, कटरने कुठून शिरायचे, किती खोल जायचे आणि कुठून बाहेर पडायचे ते ठरवायचे, की हे सॉफ्टवेअर त्याचा जी-कोड लिहून देते आणि तो कोड ओळीओळीने वाचत मशीन पोलाद कापत सुटते. लग्नात भटजी सांगतात आणि नवरदेव करतो, तसेच. फरक इतकाच, की इथे भटजी चुकला तर नवरदेवाचे कटर मोडते.

माझे भोसरीच्या एमआयडीसीत छोटेसे वर्कशॉप आहे. साच्यांची कामे. छोटेसे म्हणजे किती? दोन व्हीएमसी, एक स्पार्क इरोजन, एक सरफेस ग्राइंडर, एक म्हातारे ड्रिल मशीन आणि एक गणपतीचा फोटो. पाहुणा आला तर त्याला उभे करायला कुठले तरी मशीन बंद करावे लागते. गुरुवारी सुट्टी. आमच्या पट्ट्यात रविवार हा देवाचा, सरकारचा आणि पुण्यातल्या लोकांचा. आमचा वार गुरुवार. त्यामुळे आमच्या पोरांना बाप घरी असतो हे शाळेतून आल्यावरच कळते.

२००३ साली कर्ज काढून एक जुने व्हीएमसी घेतले आणि त्याच्याबरोबर ही नववी आली. तेव्हा ती अगदी नवीकोरी, कौतुकाची. दोन वर्षे होतात न होतात तोच दहावी आली! पण कंपनीने तिचे नाव दहावी ठेवले नाही, रोमन आकड्यात एक्स ठेवले. चेहरामोहरा पार बदललेला. मग एक्स टू, एक्स थ्री करत गाडी एक्स नाइनपर्यंत गेली आणि पुढे तर सालेच लावायला लागले. २०१७ ची आवृत्ती २०१६ मध्येच बाजारात, थेट कालनिर्णय. ज्या कंपनीने हे केले ती अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या टॉलंड नावाच्या गावची, १९८३ साली निघालेली. २०२१ मध्ये ती स्वीडनच्या सँडविकने घेतली. आता सँडविक म्हणजे आमच्या लेखी परदेशी कंपनी नव्हेच. ते लोक १९६० पासून दापोडीत आहेत. भोसरीहून पुण्याला जाताना वाटेत लागतात. म्हणजे इतकी वर्षे ज्या घराण्यातली म्हणून आम्ही जिचे कौतुक केले, ती पोर शेवटी आमच्या शेजारच्याच घरात सून म्हणून आली. तरी मी नववीतच.

लोक विचारतात, पुढे का गेला नाहीस? पैसा हे एक कारण झाले. भोसरीत कुठल्याही गोष्टीचे ते पहिले कारण असतेच. पण खरे कारण म्हणजे मिस्त्री.

मिस्त्री आकुर्डीकडच्या एका मोठ्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशीचे होते. सबंध आयुष्य कानस आणि छिन्नी. साच्याच्या पृष्ठभागावरून अंगठा फिरवून 'इथं दोन मायक्रॉन उंच आहे' असे म्हणायचे, आणि डायल लावल्यावर दोनच निघायचे. आम्ही तो डायल दोनदा बदलून पाहिला. अशा माणसाला मी संगणकासमोर बसवले. पहिले आठ दिवस ते माउसला हात लावण्यापूर्वी कापडाने हात पुसत. नंतरचे आठ दिवस माउस पुसत.

इंग्रजी त्यांना येत नव्हते. पण नववीची एक गंमत होती. पडदा काळा, डाव्या हाताला उभा मेनू, आणि प्रत्येक शब्दाचे एक अक्षर दाबले की काम व्हायचे. रेघ मारायची तर सी, एल, ई. कोपरा गोल करायचा तर सी, एफ. खिसा कोरायचा तर टी, पी. मिस्त्री गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. त्यांनी ही अक्षरे शब्द म्हणून पाठ केलीच नाहीत, बोल म्हणून बसवली. 'सीएलई सीएलई सीएफ, सीएलई सीएलई टीपी' असे पुटपुटत त्यांची बोटे चालायला लागली की शेजारच्या शेडमधले लोक चहाचे पेले घेऊन बघायला यायचे. सम बरोबर एंटरवर! महिनाभरात हा माणूस इंजिनियर पोरांच्या दुप्पट वेगाने प्रोग्राम काढू लागला. त्या पोरांना मेनू वाचता येत होता हीच त्यांची अडचण होती.

माझी स्वतःची प्रगती सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो. त्या मेनूच्या खाली 'बॅकअप' असे एक बटण होते. मी मालक, सावध माणूस. रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी ते बटण भक्तिभावाने दाबत असे, की दिवसभराच्या कामाची प्रत कुठे तरी सुरक्षित राहावी. तीन वर्षे दाबले. २००६ साली हार्ड डिस्क गेली तेव्हा कळले, की त्या बटणाचा अर्थ 'एक पायरी मागे जा' असा होता. तीन वर्षे मी रोज संध्याकाळी एक पायरी मागे जाऊन घरी जात होतो. मिस्त्रींनी मात्र सगळ्या फायली फ्लॉपीवर उतरवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या. कुणी सांगितले होते? कुणी नाही. 'ज्याला पाठ होत नाही त्यानं लिहून ठेवावं, शेठ,' एवढेच म्हणाले.

आणखी एक मानाची वस्तू म्हणजे लॉक. काडेपेटीएवढा डबा, पंचवीस पिनांचा, संगणकाच्या पाठीला प्रिंटरच्या जागी खोचायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. सबंध कर्जापैकी मोठा हिस्सा त्या डब्यात होता. बुधवारी रात्री मी तो काढून घरी नेत असे आणि गुरुवारभर तो आमच्या देवघरात बसे. सौभाग्यवतींचे मंगळसूत्र फळीवरच्या डब्यात आणि हा देव्हाऱ्यात, यावरून काही वर्षे बोलणी खाल्ली. पण २००७ च्या खंडेनवमीला मशीनची पूजा करताना तिनेच त्या लॉकला हळदकुंकू लावले आणि वर झेंडूचे फूल ठेवले. फूल गेले, कुंकू आजही आहे. फ्लॉप्यांनाही ती लावणार होती. मिस्त्री आडवे पडले म्हणून वाचल्या.

त्या जुन्या मशीनच्या पोटात फार मोठा प्रोग्राम मावत नसे. म्हणून संगणकातून केबल टाकून त्याला घास घास भरवावे लागे. हा चिऊचा, हा काऊचा, करत रात्रभर. आणि भारनियमनाच्या काळात मधल्याच घासाला वीज जायची. मग मिस्त्री बॅटरीच्या उजेडात जॉबवर वाकून, कटर कुठे थांबले ते बोटाने चाचपून सांगत, 'चारशे बाराव्या ओळीच्या आसपास.' आसपास म्हणजे दहा ओळी इकडेतिकडे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन लोकांना दाखवले, तेव्हा आमच्या पिंपरीत पेनिसिलीनचा कारखानासुद्धा उभा राहिलेला नव्हता. त्या शास्त्रज्ञांनी पुढच्या सगळ्या शक्यतांचा विचार केला असेल. बॅटरी धरून बसलेल्या मिस्त्रींचा केला नसेल.

तर या माणसाला घेऊन एक्समध्ये जायचे कसे? मी एकदा त्यांना एका वितरकाकडे नवी आवृत्ती दाखवायला नेले होते. रंगीत चित्रांची बटणेच बटणे. मिस्त्रींनी सवयीने सी, एल, ई वाजवले. काहीच झाले नाही. पुन्हा वाजवले. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसले. परत येताना नाशिक फाट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. फाट्यावर म्हणाले, 'चांगलं आहे शेठ. तुम्ही घ्या. मी बेंचवर बसतो फायलिंगला.' पखवाज काढून घेतलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी नवी आवृत्ती घेतली नाही. मोठेपणा सांगत नाही, पैसेही नव्हते.

मिस्त्री २०१८ मध्ये गावी, मंचरच्या पलीकडे, निघून गेले. मोतीबिंदू, साखर आणि नातवंडे. मग आमचे चिरंजीव इंजिनियर होऊन आले. त्यांनी नवे व्हीएमसी आणले, नवी आवृत्ती आणली, आणि जुना संगणक कोपऱ्यात ढकलून त्यावर हेल्मेट ठेवायला सुरुवात केली. 'बाबा, तो भंगारात काढू,' असे दर महिन्याला म्हणायचा. मी दर महिन्याला 'बघू' म्हणायचो. बापलेकांत यापेक्षा जास्त बोलणे बरे नसते.

गेल्या पावसाळ्यात चाकणहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा टेंपो आला. आत २००४ साली आम्हीच केलेला एक साचा. एका कोपऱ्याची धार तुटलेली. तो भाग आता कुठल्याच नव्या गाडीला लागत नाही, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांना सुटे भाग द्यावे लागतात. वेल्डिंगने कोपरा भरून आणला होता. तो पुन्हा कोरून द्यायचा. नवा साचा करायचा खर्च त्यांना परवडणार नाही आणि हा बिघडला तर मला परवडणार नाही. कागदावरचे ड्रॉइंग? ते त्यांच्याकडे नव्हते. आमच्याकडचे एका पावसाळ्यात पत्र्यातून गळालेल्या पाण्याने खाल्ले होते. राहता राहिली फाइल. नववीची. हेल्मेटखाली.

हेल्मेट काढले, बटण दाबले. संगणक ढिम्म. पूर्वी असले सुटे अवयव कुदळवाडीच्या भंगारात मिळून जायचे, पण २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या शेड पाडल्या. मग पुण्यात पासोड्या विठोबाला गेलो. दुकानदाराने संगणक उलटा केला, मागचे पंचवीस भोकांचे पोर्ट पाहिले आणि आतल्या मुलाला हाक मारली, 'ए, बाहेर ये, तुला एक दाखवतो.' मुलगा आला, पाहिले, गेला. नंतर त्याने मुकाट्याने जुना पॉवर सप्लाय शोधून बसवला आणि पैसे मात्र नव्याचे घेतले. पुरातत्त्व खात्याचा दर असावा.

घरी येऊन घाईघाईने लॉक खोचायला गेलो आणि दोन पिना वाकवल्या. माझ्याच हाताने. बावीस वर्षे देव्हाऱ्यात ठेवलेला देव मी शेवटी मोडतो की काय! चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही, मिस्त्रींच्या खणातला बारीक चिमटा काढला आणि अर्धा तास श्वास रोखून त्या पिना सरळ केल्या. मी पहिल्यांदाच त्याचे हात नीट पाहिले. अंगठ्याला काळा घट्टा पडलेला. कधी पडला कोण जाणे.

काळा पडदा उघडला. डावीकडे मेनू, खाली बॅकअप. मी ते बटण दाबले नाही.

आता भांडण सुरू झाले. माझे म्हणणे, जुना प्रोग्राम आहे, तोच चालवू. या मार्गाने एकदा साचा झालेला आहे. त्याचे म्हणणे, जुना प्रोग्राम जुन्या मशीनचा, जुन्या कटरचा. सहा तास लागतील. आकृती आयजीईएसमध्ये काढून नव्या आवृत्तीत न्यायची, तिथे कटरवर भार सारखा ठेवणारा नवा मार्ग काढायचा, दोन तासांत काम. त्या आयजीईएसमध्ये आकृती जाते, पण कटरच्या वाटा जात नाहीत. म्हणजे घर जाते, घरातली माणसे मागे राहतात. मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, 'बाबा, फोर-टी-ऑपरेशनं आहेत ती, माणसं नाहीत.' तरी तपासून घ्यावे म्हणून त्याने जुना प्रोग्राम पडद्यावर उघडला आणि खाली सरकवू लागला.

प्रोग्राममध्ये कंसात शेरा लिहायची सोय असते. मशीन कंस वाचत नाही, माणूस वाचतो. सहसा तिथे कटरचा व्यास वगैरे लिहितात. मिस्त्रींनी रोमन अक्षरांत मराठी लिहिले होते, रात्रपाळीच्या पोरासाठी. पहिला शेरा: 'कटर घट्ट केला का. परत बघ.' पुढे: 'इथं वीस मिनिटं लागतात. डबा खाऊन घे.' पुढे: 'आता खाऊ नको. इथं उभा राहा.' चिरंजीव हसायला लागला. मीही. तो हात एखाद्या शाळकरी पोराचा असावा तसे ते लिहिणे, पण प्रत्येक शेरा बरोबर त्या जागी, जिथे माणसाची चूक होते. चाळीस ऑपरेशनांत त्याला कुठेही एकटे सोडलेले नव्हते.

आणि मग एकतिसाव्या ऑपरेशनला आम्ही दोघेही हसायचे थांबलो. बरोबर त्या कोपऱ्यात लिहिले होते: 'मागं पाण्याचं भोक ३ एमएम आत सरकलंय. भिंत पातळ. हळू घे. मालकाला सांगू नको.'

मालक, म्हणजे मी, खुर्चीत बसलो.

साचा थंड राहावा म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवतात, त्यासाठी लांब भोके पाडतात. लांब ड्रिल कधी कधी वाट सोडते. ठेवायची होती सहा मिलीमीटरची भिंत, राहिली तीन. आकृतीत भोक सहावरच होते, कारण आकृतीला खरे कोण सांगणार? त्या कोपऱ्यात आता वेल्डिंगचे पोलाद, मूळ पोलादापेक्षा कडक आणि लहरी. चिरंजीवांचा दोन तासांचा नवा मार्ग तिथून दणकून जाणार होता. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नव्या आवृत्तीतला तो मार्ग पुसला. म्हणाला, 'काकांना फोन लावा.'

मी फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. मग म्हटले, 'मिस्त्री, २००४ च्या साच्यात तीन एमएमचं काय?'

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्या ऐकू आल्या.

'कुणी सांगितलं तुम्हाला?'

'तुम्हीच. एकतिसाव्या ऑपरेशनला.'

'पण तिथं लिहिलं होतं ना, मालकाला सांगू नको म्हणून?' मिस्त्री खरोखरच दुखावल्यासारखे म्हणाले. 'शेठ, तुमचे हप्ते चालू होते. ब्लॉक बाद म्हटला असता तर तुम्ही झोपला नसता. मी मोजला, चालण्यासारखा होता. चालला की नाही एकवीस वर्षं?'

चालला होता. याला उत्तर नव्हते. मी फोन चिरंजीवांकडे दिला. पाऊण तास दोघे बोलत होते. किती घ्यायचे, कुठून शिरायचे. चिरंजीव नव्या आवृत्तीत मार्ग काढत होता आणि तोंडाने सांगत होता. मिस्त्री डोळे मिटून ऐकत असावेत. शेवटी म्हणाले, 'सुरू कर. फोन मशीनच्या दाराला धर. कूलंट त्या कोपऱ्यापुरतं बंद ठेव, हवा मार. मला ऐकू दे.'

मी फोन धरून उभा राहिलो. मालकाला शेवटी एक काम मिळाले. कटर शिरले. मला तो आवाज म्हणजे नुसती घरघर.

'आता कोपऱ्यात आला,' फोनमधून आवाज आला. मी काचेतून पाहिले. कटर कोपऱ्यात आले होते. 'बाळा, फीड वीस टक्के खाली.' चिरंजीवांनी बटण फिरवले. 'अजून थोडा. हां. आता बोलतोय बरोबर. राहू दे.' अकरा मिनिटे कुणी बोलले नाही. शेजारच्या शेडमधला माणूस चहा विचारायला आला, आमच्याकडे पाहून परत गेला.

नंतर भोकाला नळी जोडून पाण्याचा दाब दिला. मी कोपऱ्यावर कोरडे फडके दाबून धरले. दहा मिनिटांनी काढले, कोरडेच होते. चिरंजीवांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग डायल आणायला गेला.

मी फोन कानाला लावला. 'झालं मिस्त्री. गळत नाही.'

'ते मला माहीत आहे. शेठ, रागावला नाही ना?'

'नाही. फक्त एक विचारतो. असे शेरे आणखी किती आहेत?'

'फायली किती आहेत?'

'चौदाशे.'

पुन्हा कोंबड्या. मग मिस्त्री खाकरले आणि म्हणाले, 'छोट्या शेठला द्या फोन.'